अवघड वर्ग आणि नवखे शिक्षक

प्रतिवर्षी जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा प्रवेशोत्सवाचा थाट जिकडेतिकडे दिसतो. मुलांस गुलाबाची फुले मिळतात, नवी पुस्तके मिळतात, पाहुणे दोन शब्द बोलतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रेही येतात. या समारंभात ज्याची कोणी विचारपूसदेखील करीत नाही, तो मनुष्य म्हणजे नेमणुकीचा हुकूम खिशात घालून शाळेच्या पायऱ्या प्रथमच चढणारा नवा शिक्षक. मुलांचे स्वागत करावयास शिक्षण खाते विसरत नाही. परंतु त्या मुलांस शिकविण्यासाठी जो आला त्याचे पहिले वर्ष कसे जाते, याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही. ती चौकशी आज करावी असे आम्ही योजिले आहे. कारण त्या एका वर्षावर केवळ त्याचेच नव्हे, तर त्याच्या पुढ्यात बसलेल्या तीसचाळीस मुलांचे बरेवाईट अवलंबून असते, आणि मुलांचे वाया गेलेले वर्ष कोणत्याही हुकुमाने परत मिळत नाही.

आम्ही मुख्यत्वेकरून मुंबईच्या महापालिका शाळांविषयी लिहीत आहोत. पुण्यानागपुरास याहून फार निराळी स्थिती असेल असे आम्हांस वाटत नाही. मुंबईची महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालविते. मुलांस गणवेश, दप्तर, वह्या यांसह सत्तावीस वस्तू फुकट देते. शिक्षणावर तिचा वार्षिक खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर अंदाजिला जातो. तेव्हा शहराने या मुलांकडे अगदीच पाठ फिरविली आहे असा आरोप कोणी करू नये. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्यांच्या तक्रारीस वजन आहे, जे वर्तमानपत्रास पत्र लिहितील, नगरसेवकाच्या घरी जाऊन जाब विचारतील, त्या पांढरपेशा लोकांची मुले गेल्या दोनतीन पिढ्यांत या शाळांतून बहुतेक निघून गेली आहेत. उरली ती नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची, फेरीवाल्यांची व भंगार वेचणाऱ्यांची मुले. त्यांच्या आईबापांस शाळेत काय चुकते आहे हे कळत नाही असे नाही. परंतु एक दिवसाची मजुरी बुडवून ते सांगावयास यावे, आणि सांगितलेले कोणी ऐकावे, हा योग दुर्मीळ.

गोवंडी-मानखुर्दचा भाग घ्या. देवनारचे कचऱ्याचे मैदान १९२७ पासून तेथे आहे. २०१६ च्या जानेवारीअखेर त्या कचऱ्यास आग लागली व धुराचे लोट मुंबईवर पसरले, तेव्हा शहरातील इतर लोकांस देवनार नावाची जागा आहे याची आठवण झाली. धूर निवळला, आठवणही निवळली. तेथील मुले मात्र त्याच हवेत राहतात, शाळेत येतात, खोकतात, आणि मैदानाच्या कडेस वेचलेले प्लास्टिक निवडून घरास हातभार लावितात. कोणाच्या घरी जरीकामाचा कारखाना आहे, कोणाच्या मांडीवर धाकटे भावंड आहे. घरी भोजपुरी वा अवधी बोलणारी मुले पुस्तकातील शुद्ध हिंदी किंवा उर्दू शिकावयास बसतात. मराठी माध्यमाच्या वर्गातही वडारी, कैकाडी किंवा गोरमाटी बोलत मोठे झालेले मूल आढळते. मे महिन्यात गावी गेलेली कुटुंबे जुलै उजाडल्याशिवाय परतत नाहीत. झोपड्यांवर हातोडा पडला की वर्गातली चार नावे एका आठवड्यात गळतात व ती कोठे गेली ते कोणास ठाऊक नसते.

अशा ठिकाणी बीड, लातूर किंवा धुळे जिल्ह्यातून एखादा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण अथवा तरुणी शिक्षक म्हणून येते. डी. एल्. एड्. ची दोन वर्षे झालेली, पात्रता परीक्षा दिलेली, नंतर भरतीची वाट पाहण्यात आणखी काही वर्षे गेलेली. २०१२ नंतर कित्येक वर्षे आपल्या राज्यात शिक्षकभरती जवळजवळ थांबली होती, त्यामुळे अध्यापक विद्यालये ओस पडली व अनेक बंदही झाली. नोकरी लागते तेव्हा घरी पेढे वाटले जातात आणि गावची मंडळी म्हणतात, "मुंबईला गुरुजी झाला." गुरुजी झाला खरा, पण मुंबई त्याने पूर्वी एकदाच पाहिलेली असते.

या नव्या मंडळींपैकी काहींशी आम्ही निवांतपणे बोललो. त्यांची व त्यांच्या शाळांची नावे आम्ही येथे देत नाही. निरनिराळ्या वॉर्डांतील ही माणसे, एकमेकांस ओळखत नसता, इतकी सारखी हकीकत सांगतात की तिच्यात कोणा एका मुख्याध्यापकाचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

एका शिक्षिकेस नोव्हेंबरात, दिवाळीची सुटी संपल्यावर, नेमणूक मिळाली. ती रुजू झाली त्या सकाळी मुख्याध्यापकांनी चहा दिला, हजेरीपट हाती दिला व इयत्ता चौथीच्या वर्गाकडे बोट दाखविले. त्या वर्गास जूनपासून स्वतःचा शिक्षक नव्हता; शेजारचे शिक्षक दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहून दोन्ही वर्ग सांभाळीत. बाईंनी टाचण काढून आणले होते. पाठ्यपुस्तकातील एका पाठाचे वाचन घ्यावे, कठीण शब्दांचे अर्थ सांगावे, शेवटी प्रश्न विचारावे, असा अध्यापक विद्यालयात घटविलेला क्रम. पहिल्या मुलास त्यांनी वाचावयास उभे केले. तो गप्प. दुसरी मुलगी उठली, तिने पुस्तक डोळ्यांसमोर धरून घडाघडा काहीतरी म्हटले. ते त्या पाठातले नव्हतेच, मागे कधीतरी पाठ केलेले होते. चार दिवसांनी बाईंच्या ध्यानात आले की अडतीस मुलांपैकी बारा जण सलग वाचतात, पंधरा जणांस शब्द जुळवावे लागतात आणि उरलेल्यांस जोडाक्षरे तर राहोच, मुळाक्षरेही नीट ओळखता येत नाहीत. "सर, मी शिकले होते चौथीला चौथीचं कसं शिकवायचं ते," त्या आम्हांस म्हणाल्या, "चौथीत पहिली, दुसरी आणि तिसरी एकदम कशी शिकवायची, ते कुणी शिकवलंच नव्हतं."

या एका वाक्यात अध्यापक विद्यालयांच्या शिक्षणक्रमावर जी टीका आहे ती कोणत्याही समितीच्या अहवालाहून आम्हांस मोलाची वाटते. तेथील सराव पाठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे की तो एक लहानसा नाट्यप्रयोगच असतो. वर्ग निवडक, मुलांस आदल्या दिवशी तंबी दिलेली, फळ्यावर रंगीत खडूची चित्रे, मागे निरीक्षक वही घेऊन बसलेले. पस्तीस मिनिटांनी घंटा होते व पडदा पडतो. या पाठात कोणी मूल उपाशी नसते, कोणी मध्येच उठून "बाई, आई आली, मी जातो" म्हणत नाही, आणि मागच्या बाकावरील तिघे एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. पोहणे शिकविण्यासाठी जमिनीवर हात हलवावयास लावावे आणि मग खाडीत सोडून द्यावे, त्यातलाच हा प्रकार.

खाडीत सोडल्यावरही काठावर कोणी उभा असता तर गोष्ट वेगळी. परंतु आपल्या शाळांत वर्गाचे दार एकदा लागले की शिक्षक एकटा असतो. मुख्याध्यापक माहितीचे तक्ते भरण्यात बुडालेले; विभागाचे निरीक्षक येतात ते नोंदवह्या तपासावयास. वर्षभरात आपल्या वर्गात बसून, पाठ पाहून, "हे असे नको, असे करून पाहा" असे सांगणारा कोणी भेटला काय, असे आम्ही प्रत्येकास विचारले. एकास भेटला होता: शेजारच्या वर्गातील निवृत्तीस आलेल्या एक बाई, त्याही स्वखुशीने, मधल्या सुटीत खिचडी वाढता वाढता. बाकीच्यांचे उत्तर नाही असेच आले. वर्षभर शाळेच्या कारभाऱ्यांनी त्यांचे काम एकाच मापाने मोजले. ते माप म्हणजे वर्गात आवाज किती होतो. वर्ग शांत म्हणजे शिक्षक चांगला. आता, ज्या वर्गात अर्ध्या मुलांस समोरचे काही वाचता येत नाही तो वर्ग शांत बसविण्याचे नवशिक्यास उपाय दोनच. एक, फळ्यावरचे वहीत उतरवून घ्यावयास लावणे. मुले अक्षरांची चित्रे काढीत बसतात, वह्या भरतात, निरीक्षकही खूश होतात. दुसरा उपाय पट्टीचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांस मारण्यास व मानसिक छळास बंदी केली आहे, हे प्रत्येक नव्या शिक्षकास पाठ असते. तरी पहिल्याच महिन्यात कोणी ना कोणी वडीलकीच्या नात्याने त्यास सांगतोच की बाबा, दोन पट्ट्या दिल्याशिवाय ही पोरे ऐकावयाची नाहीत. एका तरुण शिक्षकाने आम्हांस खाली मान घालून सांगितले की, आपण कधी हात उचलणार नाही असे ठरवून आलो होतो आणि गणपतीच्या सुटीपूर्वीच तो उचलला. ज्या मुलास मारले ते दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर पत्ता शोधीत ते त्याच्या घरी गेले, तेव्हा कळले की मुलगा मारामुळे नव्हे, तर आईस ताप आला म्हणून धाकट्या बहिणीस सांभाळीत घरी राहिला होता. ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अडखळला. आम्ही त्यांस दोष देऊ शकत नाही असे नाही. परंतु त्यांच्याआधी ज्यांस दोष द्यावा अशी पुष्कळ माणसे आम्हांस दिसतात.

कागदांचा पसारा निराळाच. पटनोंदणी, यू-डायस, 'सरल', आधार जुळणी, खिचडीचा रोजचा हिशेब, सत्तावीस वस्तूंच्या वाटपाच्या सह्या. भ्रमणध्वनीवर दर तासास "तातडीचे" म्हणून नवे फर्मान येते, आणि नवा मनुष्य तरुण असल्यामुळे, त्यास संगणक येतो या सबबीखाली, साऱ्या शाळेचे हे काम त्याच्याच अंगावर पडते. शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका याखेरीज शिक्षकास शाळेबाहेरच्या कामास जुंपू नये. अपवाद तीनच, पण त्या तिघांच्या पोटात किती मावते ते पाहावे. मतदारयाद्यांचे काम निवडणुकीत मोडते व ते बारमाही चालते. २०२७ ची जनगणना आहेच. २०२४ च्या जानेवारीत मागासवर्ग आयोगाचे सर्वेक्षण झाले, तेव्हाही राज्यभर शिक्षक घरोघर फिरले. २०२३ मध्ये निरक्षर प्रौढांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, तो आळसापोटी घातला असे आम्ही म्हणणार नाही. आणि एवढे करून, पटावर मुले कमी भरली की संच मान्यतेत पद जाते व शिक्षक "अतिरिक्त" ठरतो; म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात वस्त्यांतून हिंडून मुले गोळा करण्याचे कामही शिक्षकाचेच. इतक्यातून जो वेळ उरेल त्यात त्याने शिकवावे.

आता वेतनाकडे वळू. सन २००० पासून आपल्या राज्यात शिक्षण सेवक नावाची योजना आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नव्हे, तर ठरावीक मानधनावर काम करतो. काम तेच, वर्ग तोच, जबाबदारी तीच, केवळ नाव शिक्षक नव्हे, सेवक. प्राथमिक शाळेतील सेवकास २०२२ च्या अखेरपर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत. मुंबईत! २०२३ मध्ये ती रक्कम सोळा हजार झाली, आणि याबद्दल सरकारास धन्यवाद देणे उचित आहे. परंतु सोळा हजारांत मुंबईत खोली घेऊन राहणे व घरी चार पैसे पाठविणे कसे जमावे याचे गणित आम्हांस सुटत नाही, आणि गणिताचे शिक्षकही ते सोडवू शकले नाहीत. मग कोणी बदलापुराहून येतो, कोणी विरारपलीकडून. पहाटेची गाडी गाठून सकाळच्या सत्रास हजर होतो आणि संध्याकाळी शिकवण्या करतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा व त्यास पोटापुरते नीट वेतन मिळावे, असा आग्रह धरला होता. त्यास जवळजवळ दीड शतक होत आले. शिकून तयार होण्याची अट आपण कायद्यात घातली. वेतनाची गोष्ट मात्र तीन वर्षे पुढे ढकलली.

येथे कोणी म्हणेल की, नवा मनुष्य कोणत्याही धंद्यात आधी ठेचा खातो. वकिलास अशील मिळत नाही, वैद्यास रोगी मिळत नाही, तसे शिक्षकानेही सोसावे. आक्षेप वरवर खरा दिसतो. परंतु नव्या वैद्यास इस्पितळात सर्वांत बिकट शस्त्रक्रिया पहिल्याच दिवशी, एकट्याने करावयास कोणी देत नाही. शाळेत मात्र नेमके तेच घडते. अनुभवी शिक्षकांचा ओढा सोयीच्या, स्थानकाजवळच्या, बऱ्या वस्तीतल्या शाळेकडे असणे हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. वीस वर्षे धुरात काढलेल्या शिक्षकाने थोडी मोकळी हवा मागितली तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. पण परिणाम असा की रिकाम्या जागा अवघड शाळांत राहतात आणि त्या नव्या भरतीने भरल्या जातात. शाळेच्या आतही ज्या तुकडीस कोणी हात लावीत नाही ती नव्याच्या गळ्यात पडते. ज्या मुलांस सर्वांत कसलेला शिक्षक हवा, त्यांच्या वाट्यास सर्वांत नवखा शिक्षक येतो, आणि वर्षादोनवर्षांनी तो जरा कसला की त्याचीही बदली होते. मुलांच्या नशिबी पुन्हा नवा.

दुसरी एक वृत्ती आहे, ती वरून गोड दिसते म्हणून तिच्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. नव्या शिक्षकाच्या हालअपेष्टांस त्याग म्हणावयाचे, त्यास दीप, मेणबत्ती, राष्ट्राचा शिल्पकार म्हणावयाचे आणि पाच सप्टेंबरला हार घालावयाचा. अमेरिकेत १९९० पासून 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था विश्वविद्यालयांतील हुशार पदवीधरांस दोन वर्षांसाठी गरीब वस्तीतील शाळांत पाठविते. तिच्याच धर्तीवर २००९ मध्ये मुंबई-पुण्यात 'टीच फॉर इंडिया' सुरू झाली. या तरुणांच्या निष्ठेविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि त्यांतील कित्येक पुढेही शिक्षणाच्या क्षेत्रात टिकून राहिले. परंतु शहराच्या शाळा दोन दोन वर्षांच्या उत्साहावर चालवाव्या ही कल्पना आम्हांस पटत नाही. उत्साहास खुराक लागतो. अमेरिकेतील अभ्यासक रिचर्ड इंगरसॉल यांनी दाखविले आहे की त्या देशात शंभर नव्या शिक्षकांपैकी चाळीसांहून अधिक पाच वर्षांच्या आत हा व्यवसाय सोडून जातात. आपल्याकडे तसे होत नाही. सरकारी नोकरी कोण सोडतो? आपला शिक्षक नोकरीत राहतो. पण पहिल्या वर्षी ज्या मुलास अक्षर येत नाही म्हणून त्यास झोप लागत नसे, त्या मुलाची चौथ्या वर्षी त्यास सवय होते. तो वर्गात गृहीत धरूनच येतो की दहाजणांस वाचता येणार नाही. यालाच शाळेत अनुभव म्हणतात. आमच्या मते राजीनाम्यापेक्षा ही हानी मोठी, कारण ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही आणि तीस वर्षे चालते.

मग उपाय काय? सुदैवाने या बाबतीत अंधारात चाचपडण्याचे कारण नाही. जपानात १९८९ पासून नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष शिकाऊपणाचे असते. त्यास एक जाणता मार्गदर्शक शिक्षक नेमून देतात. इंग्लंडात २०२१ पासून नव्या शिक्षकास दोन वर्षांची उमेदवारी आहे: पहिल्या वर्षी त्याच्या तासिका दहा टक्क्यांनी कमी, दुसऱ्या वर्षी पाच टक्क्यांनी, आणि दोन्ही वर्षे मार्गदर्शक. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी पन्नास तास आपले ज्ञान वाढविण्यात घालवावे असे म्हटले आहे. परंतु हे तास बहुधा पडद्यावरील व्याख्याने ऐकण्यात व प्रमाणपत्रे उतरवून घेण्यात जातात. नव्या शिक्षकास व्याख्यान नको आहे. त्याच्या अडतीस मुलांपैकी अकराजणांस अक्षर येत नाही. त्या अकरांचे काय करावे हे त्याच्याच वर्गात, त्याच मुलांसमोर करून दाखविणारे कोणी हवे आहे.

ते करून दाखविता येते याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. १९९४ मध्ये मुंबईत 'प्रथम' ही संस्था स्थापन झाली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तिने महापालिका शाळांत 'बालसखी' योजना सुरू केली. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून रोज सुमारे दोन तास बाजूस घ्यावयाची आणि त्यांस वाचन व अंकगणित एवढेच शिकवावयाचे. शिकविणाऱ्या मुली त्याच वस्तीतल्या, शालेय शिक्षण झालेल्या. त्यांची तयारी वर्षारंभी सुमारे दोन आठवड्यांची, मानधन अगदी तुटपुंजे. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो व त्यांचे सहकारी यांनी मुंबई व बडोदे येथे या योजनेची परीक्षा केली व २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॅनर्जी व ड्युफ्लो यांस पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे पडलेल्या मुलांची सर्वांत अधिक.

या प्रयोगाचा चुकीचा अर्थ काढणारेही आहेत, म्हणून खुलासा करितो. स्वस्तातल्या मुलींनी काम भागते तर वेतनश्रेणीचा शिक्षक कशास हवा, असा हिशेब काही लोक मांडतात. आमच्या मते त्यातून निराळीच गोष्ट सिद्ध होते. नवखेपणा हा स्वतः दोष नाही. बालसखी तर आमच्या शिक्षण सेवकाहूनही नवखी होती. पण तिला काम एकच होते व ते स्पष्ट होते. मुले थोडी होती व जवळपास एकाच पायरीवरची होती. आणि तिच्या कामावर लक्ष ठेवून मदत करणारे कोणी होते. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, दोन वर्षे शिकून आलेल्या तरुणास यांपैकी एकही गोष्ट आपण देत नाही आणि मग वर्षअखेर त्यास विचारतो की मुले वाचावयास का शिकली नाहीत.

आमची मागणी फार मोठी नाही. अवघड वस्तीतील शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकास पहिले वर्ष स्वतंत्र तुकडी देऊ नये. कसलेल्या शिक्षकाच्या जोडीने एकाच वर्गावर नेमावे, सकाळची पहिली दोन घटका वाचनाचे गट पाडून दोघांनी वाटून घ्यावे. जोडीसाठी शिक्षक उरत नाहीत असे ज्या शाळा सांगतील, तेथे निदान आठवड्यातून दोन दिवस येणारा मार्गदर्शक द्यावा, आणि त्याने नोंदवही न मागता वर्गात बसावे. निवृत्त झालेल्या उत्तम शिक्षिका या शहरात पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकजणी बोलाविल्यास येतील. प्रवासखर्च व योग्य मानधन मात्र वेळेवर द्यावे लागेल, आणि हे सांगावयाचे कारण महापालिकेशी ज्यांचा व्यवहार आला आहे त्यांस कळेल. पहिल्या दोन वर्षांत मतदारयादी व माहितीचे तक्ते नव्या शिक्षकाच्या हाती पडू नयेत. जे अनुभवी शिक्षक देवनार-मानखुर्दसारख्या भागात स्वखुशीने पाच वर्षे राहतील त्यांस बढतीत अग्रक्रम व घरभाड्यात अधिक साहाय्य मिळावे. कोणास शिक्षा म्हणून तेथे पाठविण्याची प्रथा जेथे असेल तेथे ती तत्काळ मोडावी, कारण तीमुळे शिक्षा होते ती मुलांस. शिक्षण सेवकाची तीन वर्षे एकावर आणणे हे राज्य सरकारच्या हातचे आहे व त्यासाठी आम्ही पुन्हा लिहूच.

खर्चाचा प्रश्न निघेल. एम-पूर्व विभागातील महापालिका शाळांत एका वर्षी नवे शिक्षक येतील तितक्यांपुरताच हा प्रयोग करावयाचा म्हटले, तर जोडीचे व मार्गदर्शकांचे मिळून जे लागेल ते साडेतीन हजार कोटींच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडावयाचे नाही. यास नवा कायदा नको, दिल्लीची परवानगी नको. महापालिकेचा एक ठराव पुरे आहे. तो पुढील अंदाजपत्रकापूर्वी झाला, तर येत्या जूनमध्ये चौथीच्या त्या वर्गात दोन शिक्षक उभे असतील.